पेढीची वेबसाइट आणि पेढीची बयाज : दोन्ही आपल्याच हाती हव्यात

कापडाच्या पेढीवर पूर्वीपासून तीन वह्या असत. पहिली रोजमेळ, दुसरी खतावणी आणि तिसरी बिननावाची. कोणत्या गिऱ्हाइकाला किती पन्हा लागतो, कोणत्या मागवाल्याचे कापड धुतल्यावर आटते, कोणता दलाल शब्दाचा पक्का, हे सारे या तिसऱ्या वहीत असे. उर्दू शाळेत शिकलेले आमच्यासारखे लोक तिला बयाज म्हणत. रोजमेळ साहेबांना दाखवण्यासाठी, बयाज मात्र फक्त मालकासाठी. आणि धंद्याची खरी अक्कल या बयाजेतच जमा होत असे.

आता चौथी वही आली आहे, ती म्हणजे वेबसाइट. ती साऱ्या जगाला उघडी असते. परंतु आज अनेक पेढ्यांची स्थिती काय आहे? बयाज मोबाइलच्या निरोपांत विखुरलेली आणि वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या ताब्यात. सुताचा भाव चढला, आपण कापडाचा भाव बदलला, पण वेबसाइटवर जुनाच भाव झळकत राहतो. मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधला खरीददार तोच भाव वाचून फोन करतो. आता नवा भाव सांगावा तर जबान जाते आणि जुन्या भावात माल द्यावा तर पदरचे पैसे जातात. एक आकडा वेळेवर न बदलल्याची ही किंमत आहे.

हा आकडा बदलण्याचे काम पेढीवरच्या साध्या संगणकावर, मोफत साधनांनी होऊ शकते. ते कसे, हे व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेतले पाहिजे.

पान म्हणजे शेवटी मजकूरच

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९९० साली वेबचा पहिला ब्राउझर तयार केला. त्यात पान वाचताही येत होते आणि तिथेच दुरुस्तही करता येत होते. म्हणजे वाचणारा आणि लिहिणारा एकच, ही मुळातली कल्पना होती. पुढे ही दोन कामे वेगळी झाली. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज आणि १९९७ साली आलेले ड्रीमवीव्हर या कार्यक्रमांनी पाने बनवणे सोपे केले. फ्रंटपेज बंद होऊनही आता बरीच वर्षे झाली. पण पानाचा पाया बदललेला नाही. साधे पान ही मजकुराची फाइल असते आणि त्यात शीर्षक कुठे, परिच्छेद कुठे, चित्र कुठे हे सांगणाऱ्या खुणा असतात. या खुणांच्या पद्धतीला एचटीएमएल म्हणतात. कोरे कापड म्हणजे मजकूर आणि त्यावरची छपाई म्हणजे या खुणा, असे समजावे.

भाव बदलण्यासाठी सर्व खुणा शिकण्याची गरज नाही. विंडोजमधील नोटपॅड किंवा २००३ पासून मोफत मिळणारे नोटपॅड प्लस प्लस पुरेसे आहे. क्रम असा ठेवावा. आधी फाइलची नक्कल करून बाजूला ठेवावी. मग मूळ फाइल उघडून जुना आकडा शोधावा, तेवढाच बदलावा व फाइल जतन करावी. ती आपल्याच संगणकावर ब्राउझरमध्ये उघडून पाहावी. सर्व ठीक दिसले तरच फाइलझिलासारख्या मोफत कार्यक्रमाने ती वेबसाइटच्या जागी चढवावी. ज्यांना खुणांची धास्ती वाटते त्यांच्यासाठी सीमंकी या मोफत संचात कंपोजर आहे. त्यात पान जसे दिसते तसेच दुरुस्त करता येते.

सर्वच वेबसाइट अशा साध्या फाइलींच्या नसतात. काहींचा मजकूर सर्व्हरवरच्या कोठ्यात असतो आणि त्या ब्राउझरमधून दुरुस्त कराव्या लागतात. आपली कोणत्या प्रकारची आहे, हे बनवणाऱ्याला पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

लिपीचा घोळ

आपल्याकडे एक जादा अडचण आहे. उर्दूचे काम वर्षानुवर्षे इनपेजवर आणि मराठीचे श्रीलिपीसारख्या फॉन्टवर झाले. त्या जुन्या फाइलींमधला मजकूर त्याच फॉन्टवर अवलंबून असतो. फॉन्ट नसेल तर 'सुती लुंगी' या शब्दांच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात आणि त्या फाइलीत 'लुंगी' हा शब्द शोधला तरी सापडत नाही. यावर उपाय युनिकोडचा. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात देवनागरी आणि उर्दूची अरबी लिपी यांतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक आहे. म्हणून नवे सर्व लिखाण युनिकोडमध्येच करावे आणि फाइल यूटीएफ-८ या प्रकारात जतन करावी. २०१९ नंतरच्या विंडोजमध्ये नोटपॅड आपणहून तसेच करते. उर्दू पानाला मात्र 'उजवीकडून डावीकडे' अशी दिशेची खूण वेगळी द्यावी लागते, नाहीतर आकडे आणि विरामचिन्हे जागा सोडतात.

बयाज संगणकावर कशी ठेवावी

हिशेब टॅलीत राहू द्यावा. बयाजेसाठी साध्या मजकुराच्या फाइली उत्तम. प्रत्येक क्वालिटीची एक फाइल व प्रत्येक पार्टीची एक फाइल करावी. उदाहरणार्थ, केम्ब्रिकच्या फाइलीत असे लिहावे : सूत ६० बाय ६०, रीड-पिक ९२ बाय ८८, पन्हा ६३ इंच, माल कोणत्या मागवाल्याचा, नमुन्याचे थान कोणत्या फळीवर. नोटपॅडमध्ये एफ-५ कळ दाबली की तारीख व वेळ आपोआप येते. ती टाकून त्याखाली त्या दिवसाची गोष्ट लिहावी. तारीख फाइलच्या नावात घालायची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात.

फाइली शंभरच्या वर गेल्या की झिम किंवा २०२० साली आलेले ऑब्सिडियन घ्यावे. दोन्ही कार्यक्रम टिपणे साध्या मजकुराच्या रूपात आपल्याच संगणकावर ठेवतात. एका टिपणातून दुसऱ्याकडे दुवा देता येतो, म्हणजे पार्टीच्या पानावरून थेट क्वालिटीच्या पानावर जाता येते. उद्या हा कार्यक्रम बंद पडला तरी फाइली नोटपॅडमध्ये उघडतात. हाच मोठा फायदा आहे.

२००४ साली जॉन ग्रुबर यांनी आणलेली मार्कडाउन पद्धत इथे उपयोगी पडते. ओळीच्या आधी हॅशची खूण दिली की ते शीर्षक होते, आडवी रेघ दिली की यादी होते. असे टिपण एचटीएमएलमध्ये सहज बदलता येते. म्हणजे बयाजेतील मालाचे वर्णन पुन्हा टाइप न करता वेबसाइटवर जाते आणि आकडा चुकण्याची भीती कमी होते.

खबरदारी

वेबसाइटवर चढवायच्या फाइली आणि बयाज यांचे फोल्डर अगदी वेगळे असावेत. वेबसाइटच्या जागी गेलेली फाइल मुखपृष्ठावर दिसत नसली तरी पत्ता माहीत असणारा ती उघडू शकतो. कोणाची उधारी किती थकली आणि कोणाला काय भाव दिला, हे बाहेर गेले तर नुकसान एकट्या आपले नाही. ज्याने विश्वासाने व्यवहार केला, त्याचीही अब्रू जाते.

दुसरे, प्रती तीन ठेवाव्यात : एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक पेढीच्या इमारतीबाहेर. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तोच नियम बयाजेलाही लावावा. जिओसिटीज या मोफत जागेवर एके काळी असंख्य लोकांची पाने होती. याहूने ती २००९ साली बंद केली. ज्यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, त्यांनी पाने दुसरीकडे मांडली. बाकीच्यांचा मजकूर स्वतःच्या हातात राहिला नाही.

तिसरे, वेबसाइटचे नाव म्हणजे डोमेन पेढीच्याच नावावर नोंदलेले असावे. ते बनवणाऱ्याच्या नावावर असणे म्हणजे दुकान आपले आणि गाळ्याचे कागद दुसऱ्याचे. पासवर्ड, मुदतीची तारीख आणि सर्व फाइलींची पूर्ण प्रत कारागिराकडून मागून घ्यावी. त्याची मेहनत त्याला पुरी द्यावी, पण चावी आपल्या गल्ल्यात असावी.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील कितीतरी घरांत शिकलेली मुले-मुली आहेत. वरील काम त्यांना थोड्या सरावाने जमेल. सुरुवात एका क्वालिटीच्या एका पानापासून करावी. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी वेबसाइटवरचे भाव बयाजेशी ताडून पाहावेत आणि कोणत्या तारखेला तपासले, ते पानाच्या तळाशी लिहावे. भाव पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तारीखही दिसेल आणि आपल्या शब्दावर त्याचा भरवसा बसेल.