समुद्राच्या पाण्याचें काचपात्र : पहिल्या खरेदीपूर्वीं करावयाचा विचार

बोर्डी, घोलवड व डहाणू या बाजूच्या कित्येक बागायतदारांनीं अलीकडे चिकूच्या वाडींतच पाहुण्यांच्या राहण्याची सोय केली आहे. त्यांपैकीं कांहीं सभासदांनीं आम्हांस असें विचारलें आहे कीं, ओसरीवर प्रवाळ व रंगीत मासे असलेलें समुद्राच्या पाण्याचें काचपात्र ठेवावयाचें झाल्यास कोणकोणतीं यंत्रें घ्यावीं? तलासरीकडील एका सभासदाचें तर म्हणणें असें कीं, समुद्र कांहीं फार दूर नाहीं. पाणी व दगड तेथूनच आणले म्हणजे खर्च काय तो काचेचाच. हा समज फार महागांत पडणारा आहे. म्हणून या प्रश्नाचें उत्तर थोडें विस्तारानें देत आहों.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शेतांत खताची मात्रा थोडी चुकली तर जमीन ती चूक पुष्कळ अंशीं पोटांत घालते. दोनशे लिटरच्या पात्रास असें पोट नसतें. प्रवाळ हा वनस्पति नसून प्राणी आहे. मात्र त्याच्या शरीरांत अतिसूक्ष्म शैवाल राहतें आणि तें प्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करून त्याचा वांटा प्रवाळास देतें. लक्षद्वीप किंवा मन्नारचें आखात येथें अशा प्रवाळांचे खडक आहेत. तेथील पाण्याचा खारटपणा व उष्णता बाराही महिने फारशी बदलत नाहीं. तेव्हां आपणांस जी वस्तु विकत घ्यावयाची ती शोभा नव्हे, स्थिरता होय. प्रत्येक यंत्र घेतांना, ‘यानें पाण्याची कोणती स्थिति स्थिर राहते?’ एवढाच प्रश्न विचारावा.

पात्र.— नवशिक्यास लहान पात्र सोपें वाटतें, पण खरा प्रकार उलट आहे. लहान विहिरीचें पाणी जसें लवकर तापतें व लवकर बिघडतें, तसेंच लहान पात्राचें. तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पात्रांत सुमारें १९० लिटर पाणी मावतें. पहिल्या प्रयत्नास हें माप योग्य होय. पाणी, दगड व काच मिळून याचें वजन अडीचशे किलोच्या आसपास जातें. म्हणून माडीवर किंवा हलक्या मेजावर तें ठेवूं नये. भक्कम व समपातळीचा ओटा असावा, आणि खिडकींतून येणारें ऊन पात्रावर पडूं नये.

पाणी व मीठ.— आमच्या किनाऱ्याचें पाणी भरती-ओहोटीनें सतत ढवळलें जातें, त्यामुळें तें गाळानें गढूळ असतें. पावसाळ्यांत खाड्यांतून गोडें पाणी येऊन मिळालें कीं त्याचा खारटपणाही उतरतो. असें पाणी भरणें म्हणजे दर वेळीं निराळ्या जमिनींत रोप लावण्यासारखें आहे. त्यापेक्षां शुद्ध गोड्या पाण्यांत या कामासाठीं तयार केलेलें मीठ घालावें.

येथें कोणी विचारील कीं, मिठागराचें मीठ कां नको? मिठागराची रीत आपणांस ठाऊक आहे. पाणी आटतां आटतां त्यांतील चुन्याचे क्षार आधीं तळाशीं बसतात, मग मीठ जमतें, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यांत राहून जातें. म्हणजे खाण्याच्या मिठांत समुद्राचा एक भाग आला, सगळा समुद्र नाहीं. प्रवाळास चुना व मॅग्नेशियम दोन्ही लागतात. तयार मीठ लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम लागतें. वरील पात्रास पहिल्या वेळीं सुमारें सात किलो समजावें.

गोडें पाणी बोअरचें नसावें, कारण त्यांत जमिनींतील क्षार असतात. आर. ओ. यंत्राचें पाणी उत्तम. पावसाचें पाणी धरावयाचें असल्यास पहिल्या कांहीं सरी जाऊं द्याव्या. जस्ताच्या पत्र्यावरून आलेलें पाणी मात्र वर्ज्य करावें.

मोजण्याचीं साधनें.— हीं सर्वांत आधीं घ्यावीं आणि बहुतेक लोक हींच सर्वांत शेवटीं घेतात. खारटपणा पाहण्यास रिफ्रॅक्टोमीटर, उष्णतामापक, आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व क्षारता तपासण्याचीं द्रव्यें एवढीं अवश्य हवींत. खारटपणा हजारीं ३५ असावा. पात्रांतून रोज एक-दोन लिटर पाणी वाफ होऊन जातें, पण मीठ मागें राहतें. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालावी, खाऱ्या पाण्याची नव्हे. या एका चुकीनें पुष्कळ पात्रें बुडालीं आहेत.

दगड व जंतु.— माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो आणि तो विषारी आहे. एका जातीचे जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. शेणखत घातलेल्या जमिनींत हीच क्रिया चालते. फरक इतकाच कीं येथें जमिनीच्या जागीं सच्छिद्र दगड असतो. कोरडा सच्छिद्र दगड विकत मिळतो, तोच घ्यावा. जंतूंची वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत एकही मासा सोडूं नये. कच्चें खत मुळाशीं घालून रोप जाळणारा आणि ही घाई करणारा, दोघे सारखेच.

प्रवाह व फेस.— समुद्रांत पाणी कधींच स्वस्थ नसतें. वरील पात्रास ताशीं दोन ते चार हजार लिटर पाणी हलविणारा लाटेचा पंप पुरतो. एक मोठा घेण्यापेक्षां दोन लहान घ्यावे. एक बंद पडला तरी दुसरा चालतो. गुळाच्या काहिलींत मळी जशी वर येते, तसा पाण्यांतील सेंद्रिय मळ बुडबुड्यांस चिकटवून बाहेर काढणारें एक यंत्र मिळतें. दुकानदार त्यास स्किमर म्हणतात. तें उपयुक्त खरें, पण मासे थोडे ठेवून दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलल्यास पहिल्या वर्षीं त्यावांचून चालतें.

थंडावा.— पाण्याची उष्णता २५ ते २७ अंश असावी. ३० च्या वर फार काळ राहिली तर प्रवाळ आपलें शैवाल टाकून पांढरें पडतें. थंड मुलखांत पाणी तापविण्याचें यंत्र लागतें. आपल्याकडे चिंता उलट आहे. पाण्यावर पंखा सोडला तर वाफेमुळें दोन-तीन अंश उष्णता उतरते. परंतु ही युक्ति हवेच्या कोरडेपणावर अवलंबून आहे. तलासरीकडील त्यामानानें कोरड्या हवेंत ती जितकी साधते तितकी डहाणूच्या दमट किनाऱ्यावर साधत नाहीं. म्हणून पात्राच्या जागीं एक संपूर्ण मे महिना रोज दुपारीं बादलींतील पाण्याची उष्णता मोजून पाहावी. पंख्यानें भागत नसेल तर शीतयंत्राचा खर्च आधींच हिशेबांत धरावा. तो झेपत नसेल तर प्रवाळाचा नाद सोडावा.

वीज.— आमच्या पाहण्यांतील एका घरीं उंची काच व उंची दिवा आणला होता. जून महिन्याच्या आरंभीं वादळांत तारा तुटल्या, पंप रात्रभर बंद राहिले, आणि सकाळीं सारे मासे मेलेले आढळले. चिकूच्या एका हंगामाची शिल्लक त्या पात्रांत गेली होती. दिवा अद्याप उत्तम चालतो. दिव्याच्या किमतीच्या एका लहानशा अंशांत बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आला असता. तो, किंवा फक्त पंपापुरता इन्व्हर्टर, पहिल्या दिवसापासून असावा. खारें पाणी व वीज यांची गांठ पडूं नये म्हणून गळती होतांच प्रवाह तोडणारा स्विच बसविणें हेंही तितकेंच आवश्यक आहे.

दिवा.— हा शेवटीं घ्यावा, आणि प्रकाश कमी-जास्त करतां येईल असाच घ्यावा. एल. ई. डी. दिवे पाणी कमी तापवितात. आठ-नऊ तास प्रकाश पुरे. नुसते मासे व दगड असतांना तीव्र प्रकाशानें केवळ हिरवें शेवाळ माजतें.

बागायतदारांस विशेष इशारा.— मोरचूद चिकूच्या झाडास औषध असेल, पण प्रवाळ, झिंगे व शंख-शिंपले यांस तांबें हें विष आहे. फवारणीची बादली, पंप किंवा न धुतलेला हात पात्रांत जाऊं देऊं नये; पितळी जोडही वापरूं नयेत. फवारणी चालू असतां हवेचा पंप बाहेरील हवा ओढणार नाहीं अशी व्यवस्था ठेवावी.

कायदा.— दगडी प्रवाळ, काळें प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांस २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत घातलें आहे. किनाऱ्यावरून त्यांपैकीं कांहींही उचलून आणणें हा गुन्हा आहे. ‘मेलेलेंच होतें’ ही सबब चालत नाहीं. दुकानांत मिळतें म्हणून तें कायदेशीर आहे असेंही समजूं नये. कोणताही जीव घेण्यापूर्वीं तो कोठून आला याचा लेखी पुरावा मागावा. संशय आल्यास वनखात्याकडे विचारणा करावी. विदूषक माशाची पैदास बंदिस्त पाण्यांत करण्यांत केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेस यश आलें आहे. असे पाळीव पैदाशीचे दोन मासे व चांगला दगड एवढ्यावर पहिलें वर्ष काढावें. पाहुण्यांस तें पात्रही आवडतें.

एकंदर खरेदीचा क्रम असा: आधीं मोजण्याचीं साधनें, मग शुद्ध पाणी व मीठ, मग पात्र व दगड, मग पंप व त्यांची बॅटरी, मग थंडाव्याची सोय, आणि सर्वांच्या शेवटीं दिवा. जो हा क्रम उलटा करतो तो शोभा आधीं घेतो व जीव मागून गमावतो. बाग लावतांना आपण प्रथम विहीर पाहतों, कलमें मागून आणतों. तोच नियम येथेंही पाळावा, म्हणजे पैका वायां जाणार नाहीं आणि मुक्या जीवांचे हालही होणार नाहींत.