वाळूच्या पोटात डोकावताना

उभ्या नळकांड्यात वाळू भरायची, तळाशी बारीक भोकांची चकती बसवायची आणि खालून हवा सोडायची. हवा मंद असेपर्यंत ती दाण्यांमधल्या फटींतून गुपचूप निघून जाते. एका ठरावीक वेगाला मात्र तिचा रेटा वाळूचं वजन तोलून धरतो आणि सगळा थर उकळत्या पेजेसारखा रटरटू लागतो. हाच फ्लुइडाइज्ड बेड. १९४२ साली अमेरिकेत बॅटन रूजला याच तत्त्वावर जड तेलाचं पेट्रोल करणारा कारखाना सुरू झाला.

कारखाने धडाक्यात चालले, पण आत नेमकं काय घडतं हे कोणालाच दिसत नव्हतं. पोलादाऐवजी काचेचं भांडं घेतलं तरी दिसतो तो कडेचा थर, आणि तो फसवा असतो. बुडबुडे मधून वर चढताना दाण्यांना सोबत नेतात. कडेला तेच दाणे खाली उतरत असतात.

१९६४च्या सुमारास इंग्लंडमध्ये रो आणि सहकाऱ्यांनी एक झकास युक्ती केली. दोन पारदर्शक तावदानांमध्ये दाण्यांचा पातळ थर उभा केला आणि त्यात नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी बुडबुडा सोडून फोटो काढले. बुडबुड्याभोवती तपकिरी वलय उमटलं. वायू बुडबुड्याच्या माथ्यातून बाहेर पडून, वळसा घालून पुन्हा बुडाशी आत शिरत होता. म्हणजे वेगवान बुडबुड्यातल्या वायूची गाठ पडते ती फक्त वलयातल्या दाण्यांशी. बराचसा वायू प्रक्रिया न होताच वर निसटतो. कारखानदाराच्या दृष्टीने हा सरळ तोटा.

जाड थरासाठी क्ष-किरण आले. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठात डेव्हिड पार्कर यांच्या गटाने इस्पितळातल्या पेट स्कॅनचं तंत्र या कामाला जुंपलं. एकाच दाण्यात फ्लोरिन-१८ भरायचं. त्याच्या पॉझिट्रॉनमुळे ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. अशा अनेक जोड्यांच्या रेषा जिथे छेदतात, तिथे दाणा. हे किरण पोलादातूनही पार होतात. पण फ्लोरिनचं अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटं, आणि एका दाण्याच्या भटकंतीवरून साऱ्या जमावाची सरासरी काढायची!

मला सगळ्यात भावते ती एमआरआयची पद्धत. तिला संकेत लागतो द्रवातल्या हायड्रोजनचा, तो कोरड्या वाळूत कुठून मिळणार? म्हणून केंब्रिजच्या संशोधकांनी चक्क खसखस वापरली. दाण्यात तेल असतंच, त्यामुळे बुडबुडे आणि दाण्यांचा वेग दोन्ही दिसतात. मात्र भांडं धातूचं चालत नाही.

शिवाय खसखशीचा दाणा साधारण एक मिलिमीटरचा, तर पेट्रोल कारखान्यातली उत्प्रेरकाची भुकटी त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही बारीक. गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये आकार आणि घनतेवरून भुकट्यांचे चार गट पाडले. त्यांत हे दोघे एका गटात बसत नाहीत आणि हवेत वागतातही निराळे. म्हणून खसखशीची चित्रं थेट कारखान्याला लावता येत नाहीत. आधी त्यांच्यावर संगणकाची समीकरणं घासूनपुसून घ्यायची आणि मग त्या समीकरणांना भुकटीचा हिशेब विचारायचा.