रोगी, वैद्य आणि तिसरा पक्ष : खाजगी विमा व उपचारांची किंमत

मराठीत 'महाग' आणि 'खर्चिक' ही दोन विशेषणे आपण बोलण्याच्या ओघात एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः त्यांत भेद आहे. ज्या वस्तूची नगामागे किंमत अधिक ती महाग; जिच्यापायी एकूण पैसा अधिक जातो ती खर्चिक. केशर महाग असते, पण चिमूटभर लागते. गहू त्या मानाने स्वस्त. तरीही वर्षाचे धान्य भरताना मोठ्या कुटुंबाला तो खर्चिक वाटतो. 'आजारपण महागले' असे म्हणताना यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत असतो, याचा विचार क्वचितच केला जातो. उपचारांचे दर वाढले, की उपचारांचे प्रमाण वाढले? खाजगी विमा असलेल्या रुग्णांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण तेथे किंमत ठरविणारा, ती देणारा आणि उपचार घेणारा हे तिघे वेगवेगळे असतात.

साहित्याच्या अभ्यासकाने या क्षेत्रात पाऊल का टाकावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रेमचंदांनी काही काळ ज्या लखनौत 'माधुरी'चे संपादन केले, तेथेच हा लेख लिहिला जात असल्याने त्यांच्या 'मंत्र' या कथेची आठवण होते. आसन्नमरण मुलाला घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला डॉक्टर खेळायला जाण्याच्या घाईत परत पाठवतो. पुढे त्याच डॉक्टरच्या मुलाला सर्पदंश होतो आणि तोच म्हातारा त्याला वाचवतो. या कथेतील सारा नैतिक ताण दोन व्यक्तींमधला आहे. आजच्या रुग्णालयात ती कथा तशीच घडणे कठीण. गेल्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याच्या आईला घेऊन येथील एका खाजगी रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला. दुखणे काय, हे विचारण्यापूर्वी खिडकीमागील तरुणाने अत्यंत अदबीने विचारले, "कैशलेस है, या अपना?" 'अपना' म्हणजे स्वतःचा पैसा. आपल्या पैशाला 'अपना' म्हणावे आणि विम्याचा पैसा जणू कोणाचाच नसावा, ही भाषा प्रस्तुत लेखकाला फार बोलकी वाटली.

'विमा' आणि हिंदी-उर्दूतील 'बीमा' हे एकच शब्द. कोशकार त्यांचा संबंध भयवाचक फारसी 'बीम'शी जोडतात. ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात जोखमी हुंडी चालत असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत, जहाज बुडाले तर नाही. मात्र त्या जोखमीत आणि आजारपणाच्या जोखमीत एक मूलभूत अंतर आहे. जहाज बुडाले की नाही याबद्दल सहसा वाद नसतो, आणि बुडालेल्या मालाची किंमत वादळ ठरवीत नाही. रोगाच्या बाबतीत मात्र किती तपासण्या कराव्यात, किती दिवस खाट अडवावी, कोणता रोध किंवा सांधा बसवावा, हे जो ठरवतो तोच त्याचा मोबदलाही घेतो. आणि रोग्याला त्यातले फारसे कळत नाही. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात नेमके या अज्ञानावर आणि अनिश्चिततेवर बोट ठेवले होते.

पुढे अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने एक दीर्घ प्रयोग केला. काही कुटुंबांना उपचार पूर्ण मोफत, तर काहींना एका मर्यादेपर्यंत खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलावा लागे. सर्वाधिक वाटा स्वतः देणाऱ्या गटाचा खर्च, मोफत गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरला. बहुतेकांच्या प्रकृतीत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही, जरी गरीब आणि आधीच आजारी असलेल्यांना मोफत उपचारांचा लाभ झाला. या प्रयोगाचा आधार घेऊन 'विमाधारक उधळे असतात' असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. तो अर्धाच खरा आहे. २००३ साली ऊवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अमेरिकेतील खर्च इतर संपन्न देशांहून अधिक असण्याचे मुख्य कारण तेथील लोक अधिक उपचार घेतात हे नसून प्रत्येक उपचाराची किंमत अधिक आहे हे होय. रँडच्याच अलीकडील पाहणीनुसार, २०२२ साली तेथील खाजगी विमेदारांनी रुग्णालयांना दिलेले दर वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेच्या दरांच्या सरासरी २५४ टक्के होते. उपचार एकच, किंमत अडीचपट.

आपल्याकडे या व्यवस्थेचा खरा प्रारंभ १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणलेल्या 'मेडिक्लेम' पॉलिसीने झाला. हे नाव पुढे इतके रूढ झाले, की 'मेडिक्लेम आहे का?' हे मराठी घरात विमा विचारण्याचे सामान्य वाक्य बनले. २००० नंतर खाजगी कंपन्या आल्या. २००१ च्या नियमांनी 'टीपीए' ही मध्यस्थ संस्था आणि तिच्याबरोबर कॅशलेसची सोय आली. बरीच वर्षे मोठ्या उद्योगांच्या अग्निविम्यात मिळणाऱ्या नफ्यावर त्यांच्या कामगारांचा आरोग्यविमा तोट्यातही चालवला जाई. २००७ मध्ये अग्निविम्याचे बांधील दर उठले आणि हा आडोसा गेला. जुलै २०१० मध्ये चार सरकारी कंपन्यांनी दिल्ली, मुंबईसारख्या शहरांतील अनेक मोठ्या रुग्णालयांतील कॅशलेस सोय थांबविली. विमेदारांकडून अवाजवी दर घेतले जातात, अशी त्यांची तक्रार होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये चित्र उलटे झाले. कंपन्या दर वाढवून देत नाहीत, या कारणावरून रुग्णालयांच्याच एका संघटनेने उत्तर भारतातील आपल्या सदस्यांना एका मोठ्या खाजगी कंपनीचे कॅशलेस थांबविण्याचा सल्ला दिला. काही दिवसांत तो तंटा मिटला. दोन्ही वेळी दाराशी उभा राहिला तो रोगीच.

किंमत कशी घडते हे पाहायचे असेल तर रुग्णालयातील खोलीकडे पाहावे. आपल्या बहुतेक खाजगी रुग्णालयांत शस्त्रक्रियेची फी खोलीच्या वर्गावर अवलंबून असते; तोच शल्यविशारद, तीच शस्त्रक्रिया, पण रोगी स्वतंत्र खोलीत असेल तर दर वेगळा. पुष्कळ जुन्या पॉलिसींत खोलीभाड्याला विमारकमेच्या एक टक्का अशी रोजची मर्यादा असे. पाच लाखांचा विमा असेल, तर पाच हजार रुपये. रोग्याने दहा हजारांची खोली घेतली तर केवळ भाड्यातलेच पाच हजार कापले जात नाहीत. डॉक्टरांची फी आणि इतर संबंधित रकमाही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कापल्या जातात. औषधे, तपासण्या, शरीरात बसवायची साधने आणि अतिदक्षता विभाग यांना ही कपात लावू नये, असे विमा नियामकाने २०२० साली ठरविले. तरीही घरी जाण्याच्या दिवशी हिशेब पाहून चकित होणारी कुटुंबे कमी नाहीत. खोली घेताना त्यांना पंख्याऐवजी वातानुकूलन मिळते एवढेच ठाऊक असते.

एका ठिकाणी किंमत दाबली तर ती दुसरीकडे उसळते, याचाही दाखला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयातील औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. त्यापूर्वी ती लाखाच्या घरात जाई. पण पुढच्याच वर्षी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वापरून फेकायच्या वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे आढळले. करोनाच्या साथीत, २१ मे २०२० रोजी, महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांना साध्या कक्षासाठी दिवसाला ४,००० आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षतेसाठी ९,००० रुपये अशी मर्यादा घातली. ती विमा नसलेल्यांसाठी वा विम्याची रक्कम संपलेल्यांसाठी होती. विमेदारांचे दर रुग्णालय आणि कंपनी यांच्या करारावर सोडले गेले. एकाच रोगाला एकाच इमारतीत दोन किमती असू शकतात, हे त्या आदेशाने नकळत मान्य केले.

लखनौपुरते बोलायचे तर १९११ साली सुरू झालेले किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालय आणि १९८३ साली स्थापन झालेली संजय गांधी पदव्युत्तर संस्था हे येथील वैद्यकाचे दोन जुने आधार. २०१९ मध्ये मेदांता आणि अपोलो या साखळ्यांची रुग्णालये येथे आली. २०२४ मध्ये सहारा रुग्णालय मॅक्सने विकत घेतले. पूर्वी जो रोगी दिल्लीची गाडी पकडे तो आता येथेच थांबतो, ही सोय लहान नाही. परंतु शहरात मोजक्याच मोठ्या संस्था असल्या, की त्यांना वगळून पॉलिसी विकणे कंपनीला अवघड जाते आणि दराच्या वाटाघाटीत रुग्णालयाचे पारडे जड होते. वाढलेला दर पुढच्या वर्षीच्या हप्त्यात उतरतो. हप्ता वाढला की निरोगी तरुण पॉलिसी सोडतात. उरतात ते आजारी आणि वृद्ध, आणि हप्ता पुन्हा चढतो. वृद्धांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास आधी विचारविनिमय करावा, असा दंडक नियामकाने जानेवारी २०२५ मध्ये घातला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. मात्र स्वतः भरलेल्या कराची वजावटही कंपन्यांना बंद झाल्याने तेवढे सारे १८ टक्के पदरात पडतील असे धरून चालता येत नाही.

ज्या सहकाऱ्याच्या आईचा उल्लेख वर आला, त्याचे वडील पंचाहत्तरीचे आहेत. पंचवीस वर्षे एकही दावा न करता त्यांनी हप्ते भरले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळाल्यावर त्यांनी तेही कार्ड काढले. आता दोन कार्डे त्यांच्या पाकिटात असतात. यंदा नूतनीकरणाची सूचना आली तेव्हा हप्त्याचा आकडा त्यांनी दोनदा वाचला, आणि मुलाला एवढेच विचारले, की रोजच्या सवयीच्या त्या रुग्णालयात यांपैकी कोणते कार्ड चालते. मुलाने चौकशी केली. जुनेच चालत होते. त्यांनी हप्ता भरला.