मालकाने आरोग्य विमा बंद केला तर?

समजा, रामवाडीचे एक गृहस्थ रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, छोट्याशा कारखान्यात नोकरीला आहेत. पन्नाशीत मधुमेह निघाला. पण मालकाने सगळ्या कामगारांचा सामूहिक आरोग्य विमा उतरवला आहे, म्हणून घरचे निर्धास्त. धंदा मंदावला आणि मालकाने पुढचा हप्ताच भरला नाही, तर?

ही पॉलिसी मालकाच्या नावावर, बहुधा वर्षाची असते. नूतनीकरण करायचे की नाही, हे तोच ठरवतो. कामगाराला पुष्कळदा दवाखान्यात गेल्यावरच कळते!

मात्र सामूहिक विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने असते. त्यात सामूहिक विम्यातील काळ धरला जातो. कंपनी तब्येत तपासून पाहू शकते, म्हणून मधुमेह लपवू नये. लपवाछपवी अंगलट येते. एकदा स्वतःची पॉलिसी झाली, की दावे केले एवढ्या कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही.

कर्मचारी राज्य विमा योजनेची गोष्ट वेगळी. १० किंवा अधिक कामगार आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत, अशांसाठी ती सक्तीची. पुढे कामगार १० च्या खाली आले, तरी ती आपोआप सुटत नाही.

मालकाकडून पॉलिसीची प्रत आजच मागून घ्या. मुदत संपण्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहा आणि अर्ज त्याआधीच करा.