काटकसर पिशवीत करा, ताटात नको!

मैत्रिणींनो, सुपर मार्केट म्हणजे पुण्या-मुंबईची गोष्ट, असं आता राहिलेलं नाही. आपल्या बीड-अंबाजोगाईकडेही रॅकवरून हाताने वस्तू काढून टोपलीत टाकायची सोय झाली आहे. चकचकीत पाकिटं, 'एकावर एक फ्री'च्या पाट्या... साबण आणायला गेलेली बाई पाचशेचं बिल घेऊन बाहेर पडते!

तिथे जाऊच नये असं नाही. फक्त पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते, त्याहून कमीत मागायला लाजू नका. हल्ली ग्रॅमला किंवा किलोला काय भाव पडतो, तेही छापलेलं असतं. समजा, २०० ग्रॅम डाळ ५० रुपयांना घेतली, तर ती किलोला २५० रुपये पडली. आता वाण्याकडचा सुट्ट्या डाळीचा भाव विचारा आणि मगच ठरवा.

भाजीसाठी मात्र आठवडी बाजारच बरा. दिवस कलला की मावशींनाही उरलेला माल घरी न्यायचा नसतो, तेव्हा भाव उतरतो. पालेभाजी तेवढी सकाळी घ्यावी, संध्याकाळपर्यंत ती मान टाकते.

आणि भाजी महागलीच तर? आपल्या मराठवाड्याने दुष्काळ काय कमी पाहिले? २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. म्हणून तर आपल्या आज्यांनी उन्हाळ्यात सांडगे घातले, गवारी वाळवली, धान्य-डाळी भाजून येसर दळून ठेवलं. दोन चमचे येसर, फोडणी आणि पाणी, की घरभराची आमटी तयार. ज्या ज्वारीला गरिबाचं खाणं म्हणून नाकं मुरडली, तिचं पीठ आज अमेरिकेतल्या भारतीय दुकानांतही मिळतं. २०२३ हे वर्ष तर जगाने भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. आपली काटकसर बहुतेक वेळा पिशवीत नाही, आपल्याच ताटात होते. मुलांना दूध, 'ह्यां'ना भाजी, आणि आपल्याला उरलेली भाकरी नि चटणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ही बचत नव्हे बायांनो, हे उद्याच्या दवाखान्याचं बिल आहे.

उपाय महागडे नाहीत. मोड आलेली मटकी, डाळ घालून केलेली पालेभाजी, वर लिंबाची फोड. लिंबामुळे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवल्यावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अंगी लागू देत नाही. आणि पातेल्यातली आमटी वाटताना पहिल्यांदाच सगळ्यांच्या वाट्या मांडा, स्वतःचीसुद्धा.

पुढच्या महिन्याची यादी करताना मटकी आणि शेंगदाणे वरच लिहा. बिस्किटांचा पुडा एखादा कमी आला तरी चालेल!