भरतीची वीज आणि माशांची वाट

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर एकीने विचारलं, "समुद्राच्या भरतीवर वीज करतात म्हणे, मग मासे पात्यात सापडत नाहीत का?" आम्हा जालन्याच्या बायांनी समुद्र पाहिलाय कितीसा! पण प्रश्न चांगला होता, म्हणून आम्ही वाचून काढलं.

समुद्राचं पाणी दिवसातून साधारण दोनदा चढतं, दोनदा उतरतं. खाडीच्या तोंडाशी बंधारा घालायचा, चढलेलं पाणी कोंडायचं आणि उतरताना चक्रातून सोडायचं. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी 1966 पासून असं 240 मेगावॅटचं केंद्र आहे. धूर नाही, कोळसा नाही. पण बांधकामाच्या वेळी जवळपास तीन वर्षं खाडी समुद्रापासून तोडली होती. खारं पाणी येईना, गाळ बसला, आतले बरेचसे जीव मेले. पाणी पुन्हा खेळू लागल्यावर मासे, खेकडे परतले, पण घडी बसायला दहाएक वर्षं गेली. पात्यात काही मासे सापडतातच. मोठा घाव मात्र वाट अडल्याचा होता.

आपल्या देशातही तेच. समुद्रातून अंडी घालायला गंगेत चढणारी हिलसा मासळी पार प्रयागराजपर्यंत जायची. 1975 मध्ये फरक्क्याचा बंधारा सुरू झाला आणि ती तिकडे दिसेनाशी झाली.

आता आपलं पैठण. जायकवाडीवर 12 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे आणि नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्यही आहे. त्याच पाण्यावर तरंगत्या सौर पट्ट्यांचा प्रकल्प आखलाय. कहार समाजाच्या पंच समितीने त्याला हरकत घेतली. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं.

पट्ट्यांच्या सावलीने पाण्याची वाफ कमी होते. जालना शहर त्याच धरणाचं पाणी पितं, तेव्हा हा फायदा लहान नाही. पण ऊन पोचलं नाही तर पाण्यातलं शेवाळ कमी होतं, आणि त्यावरच माशांचं, पुढे पक्ष्यांचं पोट.

वीज आम्हालाही हवी. रात्रीची लाईट असली की भरणं द्यायला कोण उठतं, हे तुम्हाला काय सांगायचं! तरी किती पाणी झाकणार, जाळं कुठे टाकता येणार, मासळी घटली तर मोजणार कोण, हे विचारायला हवं. गोदाकाठी मासेमारीवर जगणाऱ्या घरांतल्या बाया आपल्या गटांत आहेत. पुढच्या गुरुवारी त्यातल्या दोघी याच वेळेला बोलतील.