गोचीड पाहतो कसा?

बकरी ईद जवळ आली की घरी बकरा येतो. मुले त्याला चारा घालतात, त्याच्या अंगावरून हात फिरवतात. कधी कधी त्याच्या कानामागे वाटाण्यासारखा टणक दाणा हाताला लागतो. तो दाणा नसतो. रक्त पिऊन फुगलेला गोचीड असतो. उर्दूत आपण त्याला 'चिचडी' म्हणतो.

गोचीड हा कीटक नाही. कीटकाला सहा पाय असतात, तर पूर्ण वाढ झालेल्या गोचिडाला आठ. तो कोळ्याचा भाऊबंद आहे. त्याला पंख नसतात आणि उडीही मारता येत नाही. मग त्याला जनावर सापडते कसे?

गुरांच्या अंगावर आढळणाऱ्या 'ह्यालोमा' जातीच्या गोचिडाला दोन साधे डोळे असतात. त्यांना आपल्यासारखे स्पष्ट चित्र दिसत नाही. उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. पण तेवढे त्याला पुरते. उजळ आकाशापुढे एखादी काळी आकृती दिसली की तो तिच्या दिशेने धावत सुटतो. ती आकृती बहुधा एखाद्या जनावराची असते!

काही गोचिडांना मात्र डोळेच नसतात. ते गवताच्या टोकावर चढतात आणि पुढचे दोन पाय पसरून वाट पाहतात. या पायांवर एक सूक्ष्म इंद्रिय असते. श्वासातून बाहेर पडणारा वायू, अंगाचा वास आणि ऊब त्याला जाणवते. जनावर अंगाला घासून गेले की गोचीड त्याला चिकटतो.

डोळे नसलेला गोचीड निरुपद्रवी असतो, असे मात्र समजू नका. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. हे केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. हा रोग पसरवणारा मुख्य गोचीड याच बिनडोळ्यांच्या गटातला आहे. २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हा रोग पसरला. लोक त्याला 'माकडताप' म्हणतात.

म्हणून रानात जाताना पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे घालावेत. फिकट कपड्यांवर काळपट गोचीड आपल्याला चटकन दिसतो. घरी आल्यावर सर्व अंग तपासावे. गोचीड चिकटला असेल, तर तो बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीजवळ पकडून हळूच सरळ ओढावा. नंतर ताप आल्यास डॉक्टरांना गोचीड चावल्याचे अवश्य सांगावे.

गोचिडाला आपण दिसत नसू, पण आपल्याला तो दिसू शकतो. अल्लाहने आपल्याला डोळे दिले आहेत. त्यांचा नीट उपयोग करू या.